शेवटच्या पानाची शेवटची ओळ

आमच्या गावच्या दैनिकात मी उमेदवारी करत होतो, तेव्हा कंपोझ खात्यात खिडकीशेजारच्या फळीवर शिशाच्या खिळ्यांचा एक चौकोनी गठ्ठा सुतळीने करकचून बांधून ठेवलेला असे. वर्षभर तो धूळ खाई. ‘फॉर्म नंबर चार, नियम आठ.’ फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात तो छापायचा: प्रकाशनाचे ठिकाण, प्रकाशनकाल, मुद्रक, प्रकाशक, संपादक, प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व आणि पत्ता, शेवटी मालकांची नावे. तेवढी तारीख बदलायची, छापून झाले की घासलेटच्या बोळ्याने पुसायचे आणि गठ्ठा पुन्हा फळीवर. एका वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मुख्य कंपोझिटरने सुतळी सोडली आणि मालकाच्या नावाचे खिळे एकेक उपसून केसमध्ये टाकायला सुरुवात केली. मी विचारले, हे काय? मान वर न करता तो म्हणाला, “नाव बदलायला सांगितलंय.” संपादकांना तोवर पत्ता नव्हता. दैनिक विकले गेल्याची बातमी त्या इमारतीत सर्वांत आधी कंपोझिटरला कळली, आणि ती त्याने उलट्या अक्षरांत वाचली.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणतेही वर्तमानपत्र हातात आले की मी आधी शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचतो. हे पत्र अमुक यांच्यासाठी तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले, अशी ती ओळ. अग्रलेखाचे वाचक कमी झाले अशी तक्रार आपण करतो. या ओळीला वाचक कधी नव्हतेच. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे मात्र तिच्याच आधाराने उभी आहेत.

मराठी वृत्तपत्रांचे इतिहास नाहीत असे नाही. रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या ग्रंथाला वळसा घालून या विषयात कोणालाच जाता येत नाही, मलाही आले नाही. पण आपले बहुतेक लेखन संपादकांभोवती फिरते. कोणी कोणता अग्रलेख लिहिला, कोणाला किती शिक्षा झाली, कोणाचे कोणाशी वाजले. पत्र कोणाच्या खिशातून चालत होते आणि तो खिसा कधी बदलला, हे तिथे एखाद्या वाक्यात उरकलेले असते. मला ते वाक्य उलगडायचे होते. उलगडता उलगडता जे हाती लागले ते सांगून टाकतो, कारण या पुस्तकाचे म्हणणे तेवढेच आहे: आपल्याकडे वृत्तपत्रांचे मालक मतभेदांमुळे क्वचित बदलले. ते बदलले कागदाच्या बिलामुळे, यंत्राच्या हप्त्यामुळे आणि एजंटांकडे थकलेल्या बाकीमुळे.

आधी त्या ओळीविषयी. छापखानदार आणि प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन करायचे, ही सक्ती १८६७ च्या कायद्याने पक्की केली. तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक टिकला आणि १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १८५७ नंतर दहाच वर्षांनी आलेल्या या कायद्यात वाचकाचे हित शोधू नये. खटला भरायची वेळ आली तर पकडायचे कोणाला, एवढे सरकारला ठाऊक हवे होते. वाचकाला मालक कळावा ही कल्पना स्वातंत्र्यानंतरची. १९५६ च्या नियमांनी वार्षिक निवेदनाची प्रथा पाडली आणि त्यात भांडवलाचा एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्यांची नावे देणे भाग पडले. म्हणजे पोलिसांसाठी जन्मलेली ओळ नव्वद वर्षांनी वाचकाच्या हाती आली. त्याने ती वाचली नाही, ही गोष्ट वेगळी.

शिवाय ही ओळ सगळेच सांगते असे नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. डॉ. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांना आपले नाव घालता येण्याजोगे नव्हते. पत्र कोणाचे हे मात्र पहिल्या अंकापासून सर्वांना माहीत होते. पैशाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक नाव त्या ओळीत नाही: शाहू महाराजांचे. त्यांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले. आणि ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जाहिरात नाकारणे हा मालकीचाच हक्क. तो कोणाविरुद्ध वापरला गेला, याचा हिशेब मराठी वृत्तपत्रसृष्टीने अजून पुरता मांडलेला नाही.

आरंभीच्या काळात मालक शोधायचे कारणच नसते. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला आणि १८४० मध्ये तो बंद झाला. भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’, मुंबईचा ‘इंदुप्रकाश’ ही पत्रे मोजक्या वर्गणीदारांवर चालली. वर्गणी बुडवणारा वाचक ही आपली फार जुनी परंपरा आहे. लोक पत्र वाचून दुसऱ्याला देत, दुसरा तिसऱ्याला, आणि पैसे मागायला गेले की पत्राचा दर्जा घसरल्याचे त्यांच्या एकाएकी ध्यानात येई.

‘केसरी’पाशी मी जरा अधिक थांबलो आहे. सांगायचे सगळे त्या एका पत्रात सापडते. ४ जानेवारी १८८१ ला पहिला अंक निघाला तेव्हा त्यामागे शिक्षक मंडळींचा एक गट होता: विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, नामजोशी. छापखाना आर्यभूषण. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले, पत्राचे नाव झाले आणि कर्जही झाले. आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले ते मतभेदांमुळे, हे खरे. पण टिळक मालक झाले ते हिशेबामुळे. १८९१ च्या सुमारास भागीदारी मिटली तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन्ही पत्रे कर्जासकट टिळकांच्या वाट्याला आली आणि छापखाना दुसऱ्या भागीदारांकडे गेला. लोकमान्यांना ‘केसरी’ मिळाला असे आपण म्हणतो. त्या दिवशी त्यांना मिळाली होती देणी. ज्या छापखान्यात पत्र जन्मले तोही हातून गेला होता.

आर्यभूषणचे पुढे काय झाले हे पाहणे मोठे गमतीचे आहे. तो गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे आला. ‘ज्ञानप्रकाश’ही समाजाकडेच आला. म्हणजे टिळकांचे पत्र ज्या यंत्रांवर सुरू झाले, ती यंत्रे त्यांच्या प्रतिपक्षाची पत्रे छापू लागली. यंत्राला पक्ष नसतो. इकडे टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाड वाडा विकत घेतला, पत्राला हक्काचे घर झाले. १९२० मध्ये ते गेल्यावर पत्रे विश्वस्तांकडे आली आणि मग त्याच वाड्यावरून विश्वस्त आणि टिळकांचे पुत्र यांच्यात वाद पेटला. या वादावर बोलताना अजूनही लोक आवाज खाली करतात. मला त्यात मालकीचा एक मूळ प्रश्न दिसतो: बापाने देशकार्यासाठी चालवलेले पत्र मुलांचे की त्या कार्याचे? ट्रस्ट हे त्याचे कागदोपत्री उत्तर आहे. ‘केसरी’ १९६२ मध्ये दैनिक झाला, तोवर पुण्याची सकाळ दुसऱ्याच पत्राची झालेली होती.

सरकारनेही मालकीचे हे मर्म ओळखले होते. शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’ला तुरुंगाने संपवले नाही. १९१० च्या प्रेस कायद्याने जामीन मागितला आणि पत्र बंद पडले. संपादक तुरुंगातून सुटून येतो, रक्कम कोठून आणायची?

कागदाच्या बिलाचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी नाही, पण मुंबईचे आहे आणि मराठी छापखान्यांच्या शेजारचेच आहे. १ जुलै १८२२ ला फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही निघते. आशियातले सर्वांत जुने चालू वृत्तपत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. शतकभर त्याचे हात बदलत राहिले आणि १९३३ मध्ये ते कामा कुटुंबाकडे आले. कामा हे कागदाचे व्यापारी. आधीच्या मालकांकडे त्यांची उधारी थकली होती आणि त्या थकबाकीपोटी पत्रच त्यांच्या पदरात पडले. ते त्यांनी नव्वद वर्षे सांभाळले, हे त्यांचे कर्तृत्व. मला मात्र तो मूळ प्रसंग विसरवत नाही. एका संस्थेचे शंभर वर्षांचे नाव आणि गोदामातली रिळे तराजूच्या दोन पारड्यांत बसली आणि काटा स्थिर झाला.

‘सकाळ’वर एक स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ते सुरू केले. पत्र म्हणजे मतपत्र, हा समज त्यांनी मोडला. बाजारभाव, नळाचे पाणी, गावोगावच्या वार्ताहरांची पत्रे यांना त्यांनी पहिल्या दर्जाची बातमी मानले. ते पक्षाचे नव्हते, संस्थानिकाचे नव्हते, त्यामुळे पैसा अंकविक्रीतून आणि जाहिरातींतूनच यायचा होता. १९६० मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला: इतकी पाने द्याल तर इतकी किंमत घ्यावी लागेल. ‘सकाळ’ तेव्हा आठवड्याचे पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने सात नव्या पैशांना देत होता. रोजचा खप ५२ हजार आणि रविवारचा ५६ हजार असल्याचे त्याने न्यायालयात सांगितले. आदेश पाळायचा तर पाने कमी करा, नाहीतर किंमत वाढवा. परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने वाचकांनीही अर्ज केले होते, ही मला या खटल्यातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. आदेश आणि त्यामागचा कायदा घटनाबाह्य ठरला. पानांची संख्या हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्या निकालाने मान्य केले.

पत्रकारितेच्या वर्गात हा निकाल विजय म्हणून शिकवला जातो. विजय होताच. पण सरकारी बाजूचे म्हणणे काय होते तेही ऐकावे. मोठी पत्रे कमी किमतीत जास्त पाने देऊन छोट्यांना मारतात, तेव्हा छोट्यांसाठी कुंपण हवे, असे पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्येच सुचवले होते. न्यायालयाने कुंपण काढले, कारण ते स्वातंत्र्यावर पडत होते. पुढच्या चाळीस वर्षांत त्या मोकळ्या रानात कोण कोणाला चरून गेले हे आपण पाहिले. खुद्द ‘सकाळ’ परुळेकरांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, १९८५ मध्ये पवार कुटुंबाकडे आला आणि पुढे एका शहराचे पत्र राहिला नाही. परुळेकरांचा खटला योग्य होता असेच माझे मत आहे. मात्र त्याची किंमत जिल्ह्यातल्या चारपानी दैनिकांनी मोजली, हे मी लिहून ठेवतो.

गोव्याचे प्रकरण लिहिताना मला सर्वांत मजा आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि २४ मार्च १९६२ ला ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक निघाले. संपादक बा. द. सातोस्कर, मालक चौगुले. पुढच्याच वर्षी इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ निघाला, त्यामागे धेंपे. १९७० मध्ये त्याच घरातून मराठी ‘नवप्रभा’ आली. चौगुले, धेंपे: दोन्ही खाणमालक. तांबड्या मातीतून निघालेले लोखंड मुरगावहून बोटीत जात होते, आणि त्याच पैशावर रोज सकाळी नव्या लोकशाहीची बातमी छापली जात होती. खाणींविषयी ही पत्रे काय बोलली आणि कोठे गप्प राहिली, ते त्या प्रकरणात सविस्तर आहे. पण मालक खाणवाला म्हणून पत्र पोकळ, असा सोपा निष्कर्ष मला काढता आला नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. विरोधात ‘राष्ट्रमत’ होता, आणि तोही मराठीच. महाराष्ट्रात जायचे नाही, हे गोवेकरांना मराठीतून पटवले गेले! भाषा, मालक आणि मत या तीन गोष्टी एका दोरीत ओवता येत नाहीत, हे मला गोव्याने शिकवले. ‘गोमन्तक’ही पुढे ‘सकाळ’ समूहात गेला. खाणमालकाच्या पत्राचा मालक आता पुण्यात बसतो.

मुंबईच्या मोठ्या पत्रांवर या पुस्तकात फारसे नाही. १९४८ चा ‘लोकसत्ता’ आणि १९६२ चा ‘महाराष्ट्र टाइम्स’ जन्मापासून इंग्रजी पत्रांच्या कंपन्यांचे, त्यांची कथा वेगळी. अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ मध्ये गरजत आला. तो एका माणसाच्या मापाचा होता, माणूस गेल्यावर अंगरखा ढिला झाला. खाडिलकरांचा १९२३ चा ‘नवाकाळ’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिला, आणि या पुस्तकातल्या माझ्या सिद्धान्ताला तो अपवाद आहे. अपवाद मला आवडतात, म्हणून त्याचे नाव घेतले.

जिल्ह्यांकडे येऊ. कोल्हापुरात ‘पुढारी’ आणि ‘सत्यवादी’, नाशिकला ‘गावकरी’, साताऱ्याला ‘ऐक्य’, सोलापुरात ‘संचार’, चिपळूणला ‘सागर’, बेळगावात बाबुराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’. (नागपूरचा ‘तरुण भारत’ निराळा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला निदान शंभर लोकांना सांगावे लागले असेल.) ही पत्रे संपादक-मालकांची होती. मालक सकाळी अग्रलेख लिही, दुपारी जाहिरातीचे बिल मागायला जाई आणि रात्री मशीनचा पट्टा सुटला तर धोतर खोचून खाली उतरे. जिल्ह्याच्या कलेक्टरला तो ओळखत असे आणि कलेक्टर त्याला ओळखून असे. त्यात उणिवाही होत्या. मालकाच्या भाच्याच्या लग्नाचा फोटो पहिल्या पानावर येई आणि मालकाच्या सोसायटीतला घोटाळा कोठेच येत नसे. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही.

त्यांच्यावर लाट आली ती आवृत्त्यांची. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये यवतमाळला ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले होते. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा उभे केले आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरात दैनिक सुरू केले. मग जळगाव, १९८२ मध्ये औरंगाबाद. तेथे अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ होता. निजामाशी झगडलेल्या, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या संपादकाचे ते पत्र. त्याच्याकडे प्रतिष्ठा होती. समोरच्याकडे ऑफसेट यंत्र, जास्त पाने, तालुक्यापर्यंत पोचणाऱ्या गाड्या आणि जाहिरात खात्याची फौज होती. ‘मराठवाडा’ काही वर्षे लढला आणि मिटला. २०११ मध्ये त्याच शहरात भोपाळच्या भास्कर समूहाचे ‘दिव्य मराठी’ आले, तेव्हा ‘लोकमत’ला स्वतःच्या अंगणात तोच डाव अनुभवायला मिळाला.

या सगळ्यांत मला भावलेला मालक मात्र वेगळाच आहे. मुरलीधर शिंगोटे जुन्नर तालुक्यातल्या उंब्रजचे. ते मुंबईत वर्तमानपत्रे विकत, मग वितरणाचा धंदा वाढवला, आणि एक दिवस स्वतःचेच पत्र काढले: ‘मुंबई चौफेर’, पुढे ‘पुण्यनगरी’. पहाटे चारला स्टेशनबाहेर पुरवण्या घालणाऱ्या माणसाला वाचक काय मागतो हे जितके कळते तितके संपादकीय बैठकीत कळत नाही. कागदवाला मालक झाला, खाणवाला झाला, मंत्री झाला. मग अंक वाटणारा का होऊ नये? त्यांच्या पत्रांची साहित्यिक वर्तुळात चेष्टा झाली. तिच्यात जातीचा आणि वर्गाचा वास होता असे मला वाटते.

आज जिल्हा दैनिकांची शेवटची ओळ वाचली तर बिल्डर, शिक्षणसंस्थाचालक, कारखान्याचे अध्यक्ष किंवा त्यांच्या पत्नी दिसतात. पुष्कळ पत्रे शासकीय जाहिरातींच्या यादीवर राहण्यापुरती निघतात: टेंडर नोटिसा, नावात बदल, हरवलेले दाखले, आणि उरलेल्या जागेत बातम्या. अंकाचे पीडीएफ सकाळी सात वाजता मोबाइलवर फुकट फिरते. वर्गणी बुडवणाऱ्या आपल्या जुन्या वाचकाला अखेर हवे ते मिळाले आहे.

या पुस्तकासाठी मी ग्रंथालयांत बसलो, पण ग्रंथालयांनी जिल्हा दैनिके फार थोडी जपली आहेत. बांधीव फायली कोठे वाळवीने खाल्ल्या, कोठे मालक बदलल्यावर नव्या मालकाने जागा मोकळी करायला किलोवर घातल्या. माझ्या उमेदवारीच्या दैनिकाची एकही पूर्ण फाईल मला सापडली नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, जुन्या भांड्यांभोवती गुंडाळलेले एखाद्या जिल्हा पत्राचे अंक असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा चाळा. मार्चचा पहिला अंक सापडला तर तो काढून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयाला द्या. फॉर्म नंबर चार बहुधा शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात असतो.